किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकताना: पहिली हत्यारं कशी निवडावीत

पिकिंग शिकायचं ठरलं की बहुतेकांचा हात आधी ऑनलाइन मिळणाऱ्या पंधरा-वीस नगांच्या संचाकडे जातो. कातडी पाकीट, चकचकीत पिकं (म्हणजे कुलपातल्या पिना उचलायची बारीक हत्यारं) आणि सोबत पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप. त्यातली तीन-चार हत्यारंच पुढे वापरात राहतात. बाकीची पाकिटात पडून असतात, आणि अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खाऱ्या हवेत त्यांना गंजायला एक पावसाळा पुरतो.

सुरुवातीला लागतं ते एवढंच: एक योग्य कुलूप, दोन-तीन टेन्शन रेंच (कुलपाच्या फिरत्या भागाला ताण द्यायच्या वाकवलेल्या पट्ट्या), एक आखूड हुक आणि एक मध्यम हुक (हुक म्हणजे टोक वर वळलेला पिक). खरेदीचा क्रमही हाच ठेवा. हुक आधी घेऊन मग कुलूप शोधलं, तर चांगलं हत्यारही किल्लीच्या भोकात शिरत नाही आणि दोष हाताला दिला जातो.

सुरू करण्याआधी दोन नियम

पहिला नियम: कुलूप स्वतःचं असावं, किंवा मालकाने स्पष्ट परवानगी दिलेली असावी. दुसरा: रोजच्या वापरात असलेल्या कुलपावर सराव करायचा नाही, ते स्वतःच्या घराचं असलं तरी. शिकताना स्प्रिंग वाकते, पिन चुकीच्या जागी अडकते, हुकाचं टोक आतच तुटतं. मुख्य दाराच्या कुलपात असं झालं तर घरच्यांना मागच्या पडवीतून ये-जा करावी लागते.

कायद्याचंही भान ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं साधन कायदेशीर कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, आणि कारण योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी बाळगणाऱ्यावरच असते. म्हणून हत्यारं घरात, सरावाच्या कुलपांबरोबर एकाच डब्यात ठेवा. खिशात किंवा गाडीच्या डिकीत घेऊन फिरू नका.

पायरी १: किल्ली बघून कुलूप ओळखा

शिकवणारे बहुतेक व्हिडिओ पिन टम्बलर कुलपावरचे, म्हणजे आत स्प्रिंगवरच्या पिना असलेल्या कुलपावरचे असतात. आपल्याकडच्या कडी-कोयंड्याला मात्र बहुतेक वेळा लिव्हरचं, म्हणजे आत पिनांऐवजी उचलल्या जाणाऱ्या चपट्या पट्ट्या असलेलं कुलूप असतं. गोदरेजचं नवताल हे लिव्हरचं, आणि अलीगढहून येणारी अनेक जाडजूड कुलपंही लिव्हरचीच. या दोन जातींची हत्यारं पूर्णपणे वेगळी असतात. नवतालवर हुक चालवून काहीच होत नाही म्हणून कंटाळून सोडून देणारे पुष्कळ आहेत.

कुलूप उघडून बघायची गरज नाही, किल्ली सगळं सांगते.

पातळ पात्याची किल्ली, एका कडेला डोंगरासारखे उतरते दात आणि दोन्ही अंगांना लांब खोबणी असतील, तर ते पिन टम्बलर. दातांमधल्या दऱ्या मोजा, जितक्या दऱ्या तितक्या पिना. आपल्याला हवं ते हेच.

चपटी किल्ली, अंगावर खोबणी नाहीत आणि काटकोनात कापलेल्या चौकोनी खाचा असतील, किंवा गोल दांडीला पुढे चौकोनी पान असेल, तर बहुधा लिव्हर. यात प्रत्येक लिव्हर नेमका तेवढाच उचलावा लागतो, आणि ताण द्यायचा असतो तो थेट आतल्या बोल्टला. त्यासाठी वाकवलेल्या तारेची वेगळी हत्यारं लागतात. नवख्याने याच्या वाटेला आत्ता जाऊ नये.

पात्याच्या सपाट अंगावर गोल खळगे असतील तर ते डिंपल कुलूप. हत्यारं वेगळी आणि कामही अवघड.

ड्रॉवर, टपालपेटी, लोखंडी कपाट यांची छोटी कुलपं बहुतेक वेफरची असतात. आत पिनांऐवजी पातळ पत्र्या असतात. पिनांसाठी घेतलेली हत्यारं इथेही चालतात. पिन टम्बलरची एक-दोन कुलपं जमल्यावर हे करून बघायला चांगलं.

पायरी २: सरावाचं कुलूप घ्या

पारदर्शक कुलूप आत काय चाललंय ते बघण्यापुरतं उपयोगी आहे. त्याची भोकं इतकी सैल असतात की कसंही खुपसलं तरी उघडतं, आणि डोळ्यांनी बघून काम करायची सवय लागते. पिकिंग बोटांनी ऐकायचं काम आहे. अर्धा तास बघा आणि बाजूला ठेवा.

थोडी यंत्रणा समजून घ्या, म्हणजे निवड सोपी जाईल. किल्ली ज्या भागात जाते आणि फिरते तो प्लग. त्याच्या भोकांत खाली किल्लीच्या पिना, वर ड्रायव्हर पिना, त्यावर स्प्रिंगा. ड्रायव्हर पिना प्लग आणि बाहेरच्या धडाच्या सीमेवर आडव्या येतात, म्हणून प्लग फिरत नाही. कारखान्यात पाडलेली पिनांची भोकं कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात. म्हणून प्लगला हलका ताण दिला की सगळ्या पिना एकदम न अडकता एकच पिन आधी आवळली जाते. ती शोधायची, सीमेपर्यंत उचलायची, प्लग केसभर फिरतो, मग दुसरी पिन आवळते. सगळं पिकिंग या एका त्रुटीवर उभं आहे. म्हणून फार सैल कुलूप काही शिकवत नाही आणि फार नेटकं कुलूप नवख्याला दाद देत नाही.

पहिल्यासाठी दोन पर्याय बरे. एक म्हणजे दातेरी किल्लीचं साधं पितळी कुलूप, ३० ते ४० मिलिमीटर रुंदीचं, चार किंवा पाच पिनांचं. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. दुसरा, आणि आमच्या मते जास्त चांगला, म्हणजे दाराच्या मॉर्टिस (दाराच्या जाडीत बसवलेल्या) कुलपातून काढलेलं जुनं सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात जाते तो सुटा भाग. नवीन दार बसवताना सुतार जुनं सिलिंडर टाकून देतात. त्यांच्याकडे किंवा भंगारात विचारा, किल्लीसकट मिळालं तरच घ्या. लटकत्या कुलपात प्लग फिरताना आतल्या खटक्याच्या स्प्रिंगशीही झगडावं लागतं, त्यामुळे ताण जास्त द्यावा लागतो आणि बोटांना बारीक हालचाल कळत नाही. सिलिंडर मोकळं फिरतं.

दुकानात दोन-चार कुलपांच्या किल्ल्या शेजारी ठेवून बघा. दात साधारण एका उंचीचे असतील ती घ्या. मुठीजवळ खोल दरी आणि टोकाकडे उंच शिखर असलेली टाळा. खोल दरी म्हणजे ती पिन जरा उचलली की जागेवर बसते. उंच शिखर म्हणजे ती पिन खूप वर न्यावी लागते. मागची पिन खूप उचलताना हुकाची दांडी पुढच्या पिनेला धक्का देते आणि ती सीमेच्या वर जाऊन अडकते. पहिल्या महिन्यात हे कोडं नको.

भंगारातली गंजलेली कुलपं सरावाला घेऊ नका. वर्षभर बंद असलेल्या घराचं, गणपतीला चाकरमानी आल्यावर न उघडणारं कुलूपही सरावाचं नव्हे. त्यात पिना मिठाने आणि गंजाने जाम झालेल्या असतात, हुकाने त्या हलत नाहीत. तिथे मालकासमोर गंज सोडवणारा स्प्रे मारून वाट बघणं, आणि नाहीच जमलं तर कडी कापणं, एवढाच उपाय असतो.

पायरी ३: टेन्शन रेंच, जिथे निम्मं यश असतं

नवखा हुकांकडे बघतो, जाणकार रेंचकडे. हुक फक्त पिन ढकलतो. कोणती पिन आवळली, ती बसली का, जास्त वर गेली का, या सगळ्या खबरा रेंचमधून बोटापर्यंत येतात. रेंच भोकात डुगडुगत असेल तर खबर वाटेतच विरते.

रेंच दोन प्रकारे बसतो. एक, भोकाच्या पिना नसलेल्या टोकाला. याचा आत जाणारा भाग ८ ते १० मिलिमीटर लांब असतो. वापरायला सोपा, पण हुकाची जागा खातो. दुसरा, पिनांच्या बाजूला, अगदी तोंडाशी. याची चोच जेमतेम २.५ ते ३ मिलिमीटर आत जाते आणि पहिल्या पिनेला लागता कामा नये. भोकाची बाकी सगळी जागा हुकाला मोकळी राहते. आपल्याकडच्या छोट्या पितळी कुलपांची भोकं अरुंद असतात, म्हणून दुसरा प्रकार नक्की घ्या. दोन्ही प्रकार एकाच पट्टीच्या दोन टोकांना असलेले रेंचही मिळतात.

जाडी महत्त्वाची. साधारण १ मिलिमीटर आणि १.३ मिलिमीटर अशा दोन जाड्या घेतल्या तर बहुतेक कुलपं झाकली जातात. बसतोय का ते असं तपासा: रेंच घाला आणि हात सोडा. कुलूप आडवं धरलं तरी तो तिथेच राहिला पाहिजे. पडला तर पातळ आहे. ठोकून घालावा लागला तर रुंद आहे. बारीक कानशीने कडेचा किंचित भाग उतरवा, दोनदा घासलं की घालून बघा. एकदा जास्त घासलं गेलं की ती पट्टी त्या कुलपासाठी गेली.

पातळ गोल तारेचे रेंच स्वस्त संचांत असतात, ते बाजूला ठेवा. तारेला पीळ बसतो, त्यामुळे बोटाने दिलेला ताण आणि प्लगला मिळालेला ताण वेगळे असतात.

ताण किती? नवख्यांच्या दहा अडचणींतल्या आठ इथे असतात. रेंचवर ठेवलेल्या बोटाच्या नखाकडे बघा. नख पांढरं पडलं की ताण जास्त झाला. जास्त ताणाने सगळ्या पिना एकदम आवळतात, हुकाला जोर लावावा लागतो आणि हुक वाकतो. वाकलेला हुक बघून लोक हत्याराला नावं ठेवतात, चूक मात्र दुसऱ्या हातात असते.

पायरी ४: हुक दोनच

आखूड हुक पहिला. त्याने साध्या कुलपांतली बहुतेक कामं होतात. मध्यम हुक दुसरा, मागच्या पिना जास्त उचलाव्या लागतात तेव्हा. अर्धा हिरा नावाचा त्रिकोणी टोकाचा पिक असला तर असू दे, वेफरच्या कुलपांना बरा पडतो. रेक नावाचा नागमोडी टोकाचा पिक पुढे-मागे ओढून कधीकधी पटकन कुलूप उघडतं, पण त्यातून कोणती पिन कुठे अडकली हे कळत नाही. शिकायचं असेल तर एकेक पिन उचलायला हुकच हवा.

पात्याची जाडी नीट बघा, कारण विकणारे ती बऱ्याचदा इंचात लिहितात. ०.०२५ इंच म्हणजे सुमारे ०.६ मिलिमीटर: मजबूत, रुंद भोकांसाठी. ०.०१८ ते ०.०२० इंच म्हणजे सुमारे ०.५ मिलिमीटर: अरुंद, वळणदार भोकांसाठी. पहिला हुक ०.६ चा घ्या, तो चुकीचा जोरही सहन करतो. कुलूपाच्या भोकात तो खोबणींना घासत असेल, तर दुसरा ०.५ चा घ्या. घासणारा हुक पिनेची खबर देत नाही, भिंतीचीच देतो.

हुक हातात आल्यावर कडांवरून नख फिरवा. खरखर लागली तर पिना त्यावर अडखळतील. ४००, मग ८००, मग १५०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून लांबीच्या दिशेने फिरवा. आडवा फिरवला तर आडवे ओरखडे राहतात आणि तिथूनच पातं पुढे तुटतं. टोक गोलसर करा, पण गोळी करू नका. शेवटी लवचीकपणा बघा: टोक लाकडावर टेकवून दांडी हलकेच वाकवा. सोडल्यावर ती सरळ झाली पाहिजे. वाकलेलीच राहिली तर पोलाद मऊ आहे, परत करा.

पोलाद आणि खारा वारा

चांगल्या पिकांवर ३०१ किंवा ४२० असा स्टेनलेस पोलादाचा क्रमांक दिलेला असतो. दोन्ही पिकिंगला उत्तम. ४२० कडक असतं, पण गंजाला ३०१ पेक्षा लवकर बळी पडतं. मालवण, देवगड, गुहागर, श्रीवर्धनसारख्या समुद्रालगतच्या गावांत राहत असाल तर ३०१ घ्या. नुसतं 'स्टील' किंवा 'स्प्रिंग स्टील' लिहिलेलं असेल तर तेलाची काळजी रोज घ्यावी लागेल असं धरून चला.

लोहचुंबक लावून बघण्यात अर्थ नाही. चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नव्हे, असा समज भांड्यांमुळे पक्का झालाय. पण ४२० ला चुंबक चिकटतंच, आणि कडक करण्यासाठी थंड लाटलेल्या ३०१ लाही चिकटतं. त्याऐवजी समुद्राच्या पाण्यात फडकं भिजवा, संचातला एक कमी कामाचा रेंच त्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी फिका डाग असून तो पुसून गेला तर ठीक. लाल गंज धरून बोटाला खड्डे जाणवले तर तो संच किनाऱ्यावर टिकणारा नाही.

रोजची निगा सोपी आहे. घामात मीठ असतं, म्हणून सराव संपला की हत्यारं गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने सर्व अंगाला चोळा. कातडी पाकीट पावसाळ्यात ओल धरतं, त्याला बुरशी येते आणि आतलं पोलाद त्या ओलीतच राहतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुड्या तव्यावर मंद आचेवर तापवून कोरड्या करा किंवा बदला.

सरावाच्या कुलपात खोबरेल घालू नका. घरोघरी ही सवय आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, थंडीच्या पहाटे कुलपातच गोठतं, आणि एरवी चिरेबंदी घराच्या भिंतीची आणि रस्त्याची लाल धूळ धरून ठेवतं. पिना चिकट हलतात, बारीक टकटक कळत नाही. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी घाला. नसेल तर ६बी पेन्सिलीचं शिसं किसून किल्लीच्या खोबणीत भरा आणि किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करा.

घरी बनवायचं असेल तर

रेंच घरी सहज बनतो. गाडीच्या वायपरच्या रबरात दोन पोलादी पट्ट्या असतात, बहुतेक स्टेनलेसच्या, जाडी १ मिलिमीटरच्या जवळपास. गॅरेजमध्ये जुने वायपर मागून घ्या. पट्टी ७ ते ८ सेंटिमीटर कापा, टोक २ ते २.५ मिलिमीटर रुंदीला घासा, मग दोन पकडींनी थंडच काटकोनात वाकवा. एकदम टोकदार कोपरा करू नका, तिथे तडा जातो. गॅसवर तापवूनही वाकवू नका, मऊ पडते.

हुकासाठी हॅकसॉचं पातं चालतं: जाडी सुमारे ०.६५ मिलिमीटर, रुंदी १३. पूर्ण एचएसएसचं (हाय-स्पीड स्टीलचं) पातं ठिसूळ असतं, ते घेऊ नका. ज्यावर लवचीक किंवा बायमेटल असं लिहिलं असेल ते घ्या. आधी दातांची बाजू पूर्ण घासून काढा. मग ग्राइंडरवर आकार द्या: आत जाणारी दांडी २५ ते २८ मिलिमीटर लांब, मुळाशी २.५ आणि टोकाकडे २ मिलिमीटर उंच, टोक दांडीच्या वर साधारण दीड मिलिमीटर. डोळ्यांवर चष्मा हवाच. दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवा. कडेला निळसर रंग आला की तिथल्या पोलादाचा कडकपणा गेला, तो भाग वाकणारच. तेवढा घासून काढा किंवा नव्याने करा. हे पोलाद स्टेनलेस नाही, त्यामुळे तेलाशिवाय किनाऱ्यावर आठवडाभरही उजळ राहणार नाही.

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पातळ पात्यांचा संच) हा मधला मार्ग. ०.५ आणि ०.६ मिलिमीटरच्या पात्या तयार असतात, फक्त आकार द्यायचा.

पहिली बैठक: हत्यारं बरोबर आहेत का ते बघा

१. कुलूप शिकंज्यात हलकं धरा किंवा मुठीत घ्या. किल्ली घालून दोनदा फिरवा, कोणत्या दिशेने उघडतं ते लक्षात ठेवा.

२. रेंच न लावता फक्त हुक आत घाला आणि मागून पुढे येत प्रत्येक पिन दाबा. स्प्रिंगचा उसळता दाब बोटाला कळला पाहिजे. किल्लीवर मोजलेल्या दऱ्यांइतक्या पिना लागल्या पाहिजेत. एखादी कमी लागली तर हुक मागे पोचत नाही किंवा खोबणीत अडतो आहे.

३. आता रेंच लावा, ताण अगदी हलका. पुन्हा पिना तपासा. बाकीच्या उसळत्या राहतील, एक कडक लागेल. कडक ती आधी उचला. बारीक टक् होईल आणि रेंच केसभर सरकेल.

४. एकही कडक लागली नाही तर ताण कमी आहे. सगळ्याच कडक लागल्या तर जास्त आहे.

५. प्लग थोडा फिरून अडला आणि सगळ्या पिना निपचित वाटल्या, तर बहुधा एखादी पिन सीमेच्या वर गेली. ताण हळूहळू सोडा, पिना पडताना टकटक मोजा आणि पुन्हा सुरू करा. एकदम सोडलात तर नेमकी कोणती चुकली ते कळत नाही.

पाच पिना जड जात असतील तर सिलिंडर उघडून दोनच पिना ठेवा, मग तीन, मग चार. उघडताना प्लगच्याच जाडीची लाकडी दांडी मागून सरकवत प्लग बाहेर काढा, नाहीतर ड्रायव्हर पिना आणि स्प्रिंगा जमिनीवर उडतात. खाली पांढरं फडकं अंथरलेलं असू दे.

पुढची खरेदी कुलूपच ठरवेल. मागच्या पिनेपर्यंत पोचताना पुढची सारखी वर जात असेल तर आणखी उंच हुक. भोकात दोन हत्यारं मावत नसतील तर ०.५ किंवा त्याहून पातळ पातं. प्लग बराच फिरून अडकतो आणि एक पिन उचलताना रेंच उलटा सरकतो असं झालं, तर कुलपात डमरूच्या आकाराच्या स्पूल पिना आहेत. तिथे नवा हुक घेऊन फायदा नाही; घट्ट बसणारा रेंच घ्या आणि ताण आणखी हलका ठेवा.